दुकानाची गादी आणि संशोधनाची पदवी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

 

सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी धर्म, दान आणि व्यापार यांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते उचितच आहे. आजचा विषय मात्र किंचित आडवाटेचा आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला मुलगा किंवा मुलगी ‘आता पीएच.डी. करायची आहे’ असे म्हणते, तेव्हा व्यापारी घरात काय घडते, याचा हा विचार आहे.

नगरच्या कापड बाजारातील घरांत सी.ए. झालेल्या मुलाचे पेढे वाटले जातात, डॉक्टर झालेल्याच्या दवाखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका घरोघर जाते. भौतिकशास्त्रातील संशोधनाचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो, ‘किती वर्षे?’ दुसरा येतो, ‘पुढे काय?’ आणि मुलगी असेल तर तिसराही असतो. तो तिच्यासमोर विचारला जात नाही. हे प्रश्न गैर मुळीच नाहीत. माल उचलण्यापूर्वी भाव विचारणे हा व्यापाऱ्याचा स्वभावच होय. परंतु माल कोणता हे न पाहताच भाव विचारला जातो आणि तिथेच बोलणे फिसकटते.

कापडवाल्यांना जवळचे वाटावे असे एक उदाहरण प्रथम घेऊ. अहमदाबादच्या कॅलिको मिलचे नाव जुन्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. त्या मिलच्या मालकांचे, अंबालाल साराभाई यांचे पुत्र विक्रम हे केंब्रिजला शिकत असताना दुसरे महायुद्ध पेटले. 1940 मध्ये तेथील पदवी घेऊन ते मायदेशी परतले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचे मोजमाप करू लागले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले व 1947 मध्ये पीएच.डी. होऊन आले. त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली, आणि कापडगिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधनसंस्था उभी करण्यातही पुढाकार घेतला. जैन कुळातील हा गिरणीमालकाचा मुलगा पुढे भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा जनक ठरला, हे सर्वविदित आहे. मात्र साराभाईंच्या घरी पैशाची विवंचना नव्हती, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. म्हणून दुसरे उदाहरण शिक्षकाच्या घरातले, आपल्या मराठी मुलखातले.

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख. बनारसच्या त्या घरात त्यांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार फळ्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत तसेच राहू देत. उत्तर सांगण्याची घाई नाही, रागावणेही नाही. संशोधकाचा पिंड घरी कसा घडतो, याचे याहून साधे चित्र सापडणे कठीण. फळा आणि खडू यांना फार पैसे पडत नाहीत.

1957 मध्ये बी.एस्सी. होऊन, टाटा शिष्यवृत्तीच्या आधारे नारळीकर केंब्रिजला गेले. 1959 मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सर्वप्रथम आले. येथपर्यंतचे यश आपल्याला समजते, कारण परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि उत्तर कोणाला तरी ठाऊक असते. 1960 पासून ते फ्रेड हॉईल यांचे संशोधन-विद्यार्थी झाले आणि चित्र पालटले.

हॉईल हे विश्वाच्या ‘स्थिर स्थिती’ सिद्धांताचे एक जनक. विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही. प्रसरणाने होणारी पोकळी नवे द्रव्य भरून काढते, असा त्यांचा पक्ष. 1961 च्या आरंभी केंब्रिजचेच मार्टिन राईल यांनी आकाशातील रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली. अंधुक, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त भरले, तेव्हा हॉईलचा सिद्धांत बाद, असा त्यांचा निष्कर्ष. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. हॉईल व नारळीकर यांनी उत्तर तयार केले: स्रोतांची वाटणी सर्वत्र सारखी नसेल, तर स्थिर स्थितीतही असे आकडे येऊ शकतात. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हे उत्तर मांडण्याचे काम आले ते पुरते एक वर्षही न झालेल्या या विद्यार्थ्याकडे. वय बावीस, समोर राईलसारखे ज्येष्ठ शास्त्रज्ञ. पीएच.डी. म्हणजे काय, ते येथे दिसते. जो प्रश्न अजून कोणालाच सुटलेला नाही तो हाती घ्यायचा, आणि आपले उत्तर विरोधकांसमोर उभे राहून तपासून घ्यायचे. प्रबंध, परीक्षक, मौखिक परीक्षा हे पुढचे उपचार. नारळीकरांना 1963 मध्ये पदवी मिळाली.

पुढे काय झाले, हेही झाकून ठेवू नये. 1965 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या पक्षात गेले. हॉईल-नारळीकरांची बाजू अल्पमतात राहिली. तरीही नारळीकर शेवटपर्यंत, म्हणजे 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन होईपर्यंत, महास्फोटाविषयीचे आपले आक्षेप मांडत राहिले. त्यांची पीएच.डी. त्यामुळे वाया गेली, असे जगात कोणी म्हणत नाही. संशोधनात तोट्याचा सौदाही चोख हिशेबाने केलेला असेल तर तो जमेच्या बाजूला लिहिला जातो. कापडाच्या धंद्यात अशी सवलत नाही, हे मान्य.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण धर्मसभांतून ती उलट सांगितली जाते. जैन दर्शनात लोक अनादि-अनंत आहे, त्यास कर्ता नाही. म्हणून ‘विज्ञानाने आपलेच म्हणणे सिद्ध केले’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण स्थिर स्थितीत नवे द्रव्य सतत निर्माण होते, आणि जैन दर्शनात द्रव्य नव्याने उत्पन्न होत नाही, केवळ पर्याय पालटतात. मेळ तेवढा नीट बसत नाही. आज जो सिद्धांत अनुकूल वाटतो तो उद्या मोडला, तर आगमांनाही त्याबरोबर मोडायचे काय? भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला घरच्यांनी हे ओझे देऊ नये.

मुलींच्या बाबतीत नारळीकरांच्या घरातीलच दुसरा दाखला पुरेसा आहे. मंगला नारळीकर 1964 मध्ये मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम.ए.ला पहिल्या आल्या. त्यानंतर लग्न, परदेशातील संसार, तीन मुली. त्यांची गणितातील पीएच.डी. पूर्ण झाली 1981 मध्ये. ‘लग्न झाले, आता शिक्षण संपले’ हे वाक्य ज्या घरांत सहज उच्चारले जाते, तेथे हे वर्ष सांगावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे आहेत. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आणि प्रसूतीसाठी 240 दिवसांपर्यंतची रजा आहे.

आता व्यवहाराचे. ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. ती सर्वांना मिळत नाही. न मिळाल्यास घराला काही वर्षे भार सोसावा लागतो, आणि प्राध्यापकाची जागा त्यानंतरही लगेच निघेल याची हमी नाही. हे मुलांनीही घरी स्पष्ट सांगावे. वडिलांनी मात्र ‘पगार किती’ यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: मार्गदर्शक कोण, आणि प्रश्न कोणता? हॉईल यांनी बावीस वर्षांच्या मुलाला सभेत उभे केले. विद्यार्थ्याला पुढे करणारा मार्गदर्शक आणि त्याला वर्षानुवर्षे टाचणे काढायला बसविणारा मार्गदर्शक यांत पुष्कळ अंतर असते. त्याच्याकडे आधी शिकून गेलेल्यांना विचारले की ते कळते. नवा आडत्या धरताना बाजारात चौकशी करतो, तशीच ही चौकशी.

नगरच्या मुलांना फार दूर जावे लागते असेही नाही. विद्यापीठांतील शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी नारळीकरांनी 1988 मध्ये उभी केलेली ‘आयुका’ पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच आहे. आणि कल्याण रस्त्याने आळेफाट्याला जाऊन नारायणगावकडे वळले की खोडदच्या परिसरात पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण लागते. ज्या रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून केंब्रिजमध्ये तो वाद पेटला, तशाच स्रोतांचे संदेश तेथे रात्रंदिवस टिपले जातात. शिर्डी आणि शनि-शिंगणापूरच्या सहली दरवर्षी निघतात. दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन एक सहल तिकडेही निघू शकेल. तेथे काम करणाऱ्या संशोधक मुला-मुलींशी आई-वडिलांनी स्वतः बोलून पाहावे.