सर्वांत लहान पाऊल पुढे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. ते काम आमच्या कार्यवाहांनी उत्तम रीतीने केलेले आहे. मला आज बोलायचे आहे ते एका डोंगराविषयी आणि एका जलाशयाविषयी. डोंगर कोडचाद्रीचा आणि जलाशय शरावती नदीवरील लिंगनमक्कीचा. पहाटे हुबळीहून निघाले, तर शिरसीमार्गे दुपारच्या आत सागर गाव येते आणि तिथून हा मुलूख सुरू होतो. गेली काही वर्षे आपली शाळा दर हिवाळ्यात मुलांना त्यांच्या आईवडिलांसह तिथे चालायला नेते. "मुलांच्या सहलीला पालक कशाला?" असे मला दरवर्षी विचारले जाते. आजचे माझे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

सहावीच्या वर्गात एकदा सह्याद्रीचा पाठ चालला होता. एका मुलाने विचारले, "बाई, सह्याद्री महाराष्ट्रात आहे ना? मग तो आपला कसा?" प्रश्न भूगोलाचा होता, पण त्याच्या तळाशी दुसरेच काही होते. आपल्या मुलांना महाराष्ट्रातील नातलगांकडे गेल्यावर 'कर्नाटकातले' म्हणतात आणि इथे खेळाच्या मैदानावर 'मराठी' म्हणतात. आपण नेमके कुठले, हा प्रश्न ती बोलून दाखवत नाहीत. पण तो त्यांच्या मनात असतो. मी फळ्यावर नकाशा लावला. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीपर्यंत, सुमारे १६०० किलोमीटर गेलेली एकच एक रांग मुलांना बोटाने गिरवायला सांगितली. राज्याची सीमा आली म्हणून डोंगर थांबला नाही, हे त्यांनी पाहिले. तथापि नकाशावर पाहिलेला डोंगर आपला होत नाही. तो पायांनी चालावा लागतो.

कोडचाद्रीची उंची १३४३ मीटर. माथ्यावर गवताळ पठारे आणि घळींमध्ये दडलेली सदाहरित राई, असे तिचे रूप आहे. धनेश पक्षी तिथे दिसतो, या प्रदेशातील रानांत सिंहपुच्छ माकडांचा वास आहे. निरभ्र सकाळी पश्चिमेला अरबी समुद्राची रेघ दिसते. डोंगराच्या कुशीत उगम पावलेली सौपर्णिका कोल्लूरच्या मूकांबिकेच्या चरणांपाशी येते आणि गंगोळीजवळ समुद्राला मिळते. शरावतीची वाट मात्र लांबची. तीर्थहळ्ळी तालुक्यातील अंबुतीर्थाहून निघालेली ही नदी लिंगनमक्कीच्या धरणात साठते, जोग येथे २५३ मीटर खाली झेप घेते आणि होन्नावरला सागरात विलीन होते. दोन्ही नद्यांचा शेवट एकाच समुद्रात. एक थोडक्यात पोहोचते, दुसरी जनांसाठी वीज देऊन पोहोचते. हा धडा पुस्तकात चार ओळींचा आहे. माथ्यावर उभ्या असलेल्या मुलाला तो जन्मभर पुरतो.

या डोंगराचे नाव मूळचे 'कुटजाद्री'. कुटज म्हणजे आपला कुडा. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीची आजी आमच्याबरोबर आली होती. वाटेवर तिने एक झाड ओळखले, त्याच्या शेंगांची भाजी कोकणात कशी करतात ते सांगितले आणि पोटाच्या दुखण्यावर त्याची साल कशी उगाळून देत, तेही सांगितले. जीपच्या चालकाने त्याच झाडाचे कन्नड नाव सांगितले. नातीने वहीत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली. बंधु-भगिनींनो, मराठी शाळा कशासाठी, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत नेमके उत्तर त्या वहीच्या पानावर आहे. घरात आपण मुलांशी मराठी बोलतो, पण ती जेवणाची, अभ्यासाची आणि रागावण्याची मराठी असते. घळ, सोंड, कातळ, ओहोळ, राई, पाणवठा हे शब्द उच्चारण्याचा प्रसंगच घरात येत नाही. आणि ज्या शब्दाला प्रसंग नाही, तो दोन पिढ्यांत नाहीसा होतो. डोंगरवाटेवर तो प्रसंग पावलोपावली येतो. म्हणून सहलीला पालक हवेत, आणि शक्य असेल तर आजी-आजोबाही हवेत.

डोंगराच्या पायथ्याच्या मुलखात नगर हे गाव आहे. पूर्वीचे बिदनूर, केळदीच्या नायकांची राजधानी. १६८९ साली छत्रपती राजाराम महाराज मोगलांच्या पाठलागातून जिंजीकडे निघाले, तेव्हा केळदीच्या राणी चेन्नम्मा यांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आश्रय दिला आणि त्यासाठी मोगल फौजेला तोंडही दिले. नगरच्या किल्ल्याच्या तटावर बसून हा इतिहास ऐकताना आपली मुले ताठ होतात. आपल्या राजाला या भूमीने संकटात थारा दिला, हे ज्या मुलाला कळले, त्याला इथे परके वाटण्याचे कारण उरत नाही; आणि या भूमीचे ऋण मानण्याचे कारण मात्र मिळते.

आता जलाशयाविषयी. लिंगनमक्कीचे धरण १९६४चे. आपली शाळा आणि हे पाणी साधारण एकाच वयाचे. पाणी पसरले तेव्हा गावे, शेते, देवळे बुडाली. त्याआधी १९४८ साली बांधलेले मडेनूरचे धरणही त्याच पाण्याखाली गेले. कडक उन्हाळ्यात पातळी उतरली की ते वर डोकावते. पलीकडच्या तीरावरील तुमरीकडच्या लोकांना सागरच्या बाजाराला, दवाखान्याला, महाविद्यालयाला येण्यासाठी सहा दशके लाँचची वाट पाहावी लागली. सिगंदूरचा पूल २०२५च्या जुलैत खुला झाला, तेव्हा ही प्रतीक्षा संपली. आमच्या मुलांनी लाँचही अनुभवली आहे. धक्क्यावर एका वृद्ध गृहस्थांनी पाण्याच्या मधोमध बोट दाखवून "आमचे घर तिथे" असे सांगितले, तेव्हा गलका करणारी मुले शांत झाली होती. रात्री अभ्यासाला बसल्यावर जो दिवा लागतो, त्याची किंमत कोणीतरी मोजलेली आहे, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. ते त्यांना त्या धक्क्यावर उमगले.

जे पालक स्वतंत्रपणे जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात निसरडे, दाट धुके आणि जळवा यांमुळे मुलांना नेऊ नये. माथ्याजवळील मूळ मूकांबिकेच्या देवळापर्यंत जीप जाते. रस्ता अतिशय खडबडीत आहे, तेव्हा ज्यांना पाठीचे दुखणे आहे त्यांनी विचार करावा. देवळापासून आद्य शंकराचार्यांच्या नावाशी जोडलेल्या सर्वज्ञपीठाच्या दगडी मंडपापर्यंत दीड-दोन किलोमीटरची चढण आहे. सात-आठ वर्षांचे मूल ती सहज चढते. मंडपापलीकडची चित्रमूळाची उतरंड तीव्र आहे; लहान मुले बरोबर असल्यास मंडपापासूनच परतावे. वनखात्याचे नियम आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात. पुरेसे पाणी, टोपी, सुती कपडे, पकड असलेले बूट आणि घरची दशमी-चटणी एवढे पुरे. जलाशयाच्या काठी पाय बुडवण्याचा मोह टाळावा. काठ दिसतो तितका सरळ नसतो, पाणी एकाएकी खोल होते.

आणि एक नियम आमच्या सहलीचा, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. रांगेत सर्वांत पुढे सर्वांत लहान मूल चालते. त्याच्या पुढे कोणी जायचे नाही. वडिलांनी नाही, मुख्याध्यापिकेनेही नाही. एरवी आपण मुलांना आपल्या गतीने ओढत असतो. शाळेची बस, शिकवणी, स्पर्धा, गुण. त्या वाटेवर मात्र चार तास मोठी माणसे लहानांच्या मागे चालतात. मूल मुंगळ्यांच्या रांगेपाशी थांबले की सगळे थांबतात. पहिल्या अर्ध्या तासात काही वडील घड्याळ पाहतात. मग हळूहळू बोलू लागतात, आणि परतताना मला हमखास कोणीतरी सांगते, "बाई, मुलगा एवढे बोलतो हे आम्हांला ठाऊकच नव्हते."

आज मराठी माध्यमाच्या पटसंख्येची चिंता सर्वत्र आहे, इथेही आहे. तिच्यावर सभा होतात, ठराव होतात, ते व्हायलाच हवेत. परंतु भाषा टिकते ती बोलण्यातून, आणि बोलणे होते ते वेळ दिल्याने. माजी विद्यार्थ्यांनी देणग्या दिल्या, त्याबद्दल संस्था कृतज्ञ आहे. मी त्यांच्याकडे आणखी एक मागते. या हिवाळ्यात आपापल्या मुलाबाळांना घेऊन आमच्याबरोबर एक दिवस चाला. जे दूरदेशी आहेत, त्यांनी तिथला डोंगर निवडावा, तिथले तळे निवडावे. तिथल्या झाडाचे तिथले नाव मुलांना शिकवावे आणि शेजारी आपले मराठी नावही लिहावे. मग कुठेही गेले तरी आपले मूल परके राहणार नाही आणि आपली भाषाही परकी होणार नाही.