बुजवायचं राहून गेलेलं भोक

बोअर खोदायची गाडी गावात आली की अर्धं गाव गोळा होतं. नारळ फुटतो, अगरबत्ती लागते आणि पाणी वर उसळलं की पोरं नाचतात. तोच बोअर बंद करायची वेळ येते तेव्हा मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. माझी सगळी नोकरी भूजलाच्या मोजमापात गेली. चंद्रपूर-गडचिरोलीत बोअर खोदताना पुष्कळ पाहिले. नीट बुजवताना पाहिलेले बोटांवर मोजण्याइतकेच. त्यांतल्या तिघांची ही हकिकत.

रस्त्याकाठच्या एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या आवारात ते होते. जमिनीखालची जुनी टाकी गंजून गळली होती. शेजारच्या घरच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, तेव्हा ते उघडकीस आलं. टाकी काढली, भोवतालची माती उचलली आणि पाणी सुधारतंय का हे पाहायला तीन निरीक्षण बोअर घेतले.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. ते जमिनीखालच्या पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पाण्यासोबत खाली उतरतं, पावसाळ्यात वर येतं आणि वाटेतल्या मातीला चिकटून राहतं. म्हणून एकदा तपासून भागत नाही, ऋतुमानाप्रमाणे पुनःपुन्हा नमुने घ्यावे लागतात. पेट्रोलमधलं बेंझिन तर पाण्यात विरघळतं, आणि दीर्घकाळ पोटात गेलं तर त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यथावकाश नमुने चांगले येऊ लागले. काम संपल्याच्या अहवालावर मी सही केली. बोअर बुजवण्याचा खर्च त्या कागदात कुठेच नव्हता. मीही तो विचारला नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेने जाताना थांबलो. लोखंडी झाकणं भंगारात गेली होती. आवारात ट्रक उभे राहत, आणि त्यांचं सांडलेलं ऑइल घेऊन रस्त्यावरचं पाणी गुडगुड आवाज करत थेट पाइपात शिरत होतं. एरवी पावसाचं पाणी मातीच्या थरांतून गाळत गाळत खाली जातं. इथे त्याला आडवाट मिळाली होती, आणि ती आम्हीच पाडली होती. शेजारच्या बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "साहेब, पाणी चांगलं झालं म्हणून तुम्हीच सांगितलं ना? मंग हे भोक उघडं कायले ठेवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिने चकरा मारल्या, तेव्हा बुजवण्याची मंजुरी मिळाली.

बुजवणं म्हणजे वरून दगड-माती लोटणं नव्हे. तशी लोटली की ती मध्येच अडकते. वरून भरल्यासारखं दिसतं, खाली पोकळी राहते. आधी टेप सोडून खोली मोजायची. खालपर्यंत मोकळं आहे याची खात्री करायची. मग एक बारीक पाइप तळाशी सोडून त्यातून सिमेंट आणि बेंटोनाइटचा पातळ काला भरत भरत वर यायचं. बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी चिकणमाती, ती फटी बंद करते. किती काला लागेल याचा हिशेब आधी करायचा. त्यापेक्षा कमी लागला, तर समजावं की मध्ये पोकळी राहिली. एक-दोन दिवसांनी काला खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरायचा. शेवटी पाइपचं तोंड जमिनीखाली कापून त्यावर काँक्रीट घालायचं आणि जागा नकाशावर नोंदवायची.

पंपाचं सोडा, शेतात पाणी न लागलेल्या बोअरचं काय? जुलै 2006 मध्ये हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यातल्या हल्दाहेडी गावी पाच वर्षांचा मुलगा सुमारे साठ फूट खोल बोअरमध्ये पडला. जवळजवळ पन्नास तासांनी तो जिवंत निघाला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. 11 फेब्रुवारी 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याबाबत निर्देश दिले. खोदण्याआधी पंधरा दिवस लेखी कळवायचं, काम चालू असताना कुंपण आणि फलक लावायचे, आणि सोडून दिलेला बोअर माती, वाळू, गोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरायचा. तो नीट भरल्याचा दाखलाही घ्यायचा. एवढ्याने मूल वाचतं. मात्र जिथे जमीन दूषित झाली होती, तिथे वाळूतून पाणी झिरपतंच. तिथे सिमेंट-बेंटोनाइटच हवं. दूषित जागांसाठी केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये स्वतंत्र नियमही केले आहेत. नियम आले ते बरंच झालं. पण बुजवण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला नाही, तर शेवटी त्यासाठी पैसा उरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या जिल्ह्यांत कोळशाच्या शोधासाठी, पाण्याच्या शोधासाठी जमिनीला किती भोकं पडली असतील! तुमच्या धुऱ्यावर एखादं असेल, तर त्यावर पोतं कोंबून दगड ठेवू नका. पोतं कुजतं, दगड सरकतो. आज त्याला पक्कं झाकण लावा, उद्या ग्रामपंचायतीत कळवा आणि तळापासून भरून घ्या.

तिसरा बोअर बुजला त्या दिवशी त्या बाईंनी विहिरीचं पाणी तांब्यात आणून दिलं. नव्या नमुन्याचा निकाल चांगला आला होता, तरी पिण्याआधी मी तांब्याचा वास घेतला. त्या हसल्या. म्हणाल्या, "आमीबी रोज घेतो, साहेब."