काडीभर रबर

कवीला माइकसमोर बसवलं की तो कवितेवर बोलणार, असं आपण धरून चालतो. मी आज टायरवर बोलणार आहे. मानोऱ्यात दिग्रसकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. बी.ए. होईपर्यंत माझा निम्मा दिवस तिथंच गेला.

निमित्त झालं भाच्याच्या फोनचं. तो अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहे. घरामागच्या उतारावरचं गवत कापायला त्यानं बसून चालवायचा लहानसा ट्रॅक्टर घेतला आहे. बर्फ वितळलं, पाऊस झाला की तो उतारावर घसरतो. म्हणाला, "मामू, नानांच्या दुकानात टायर कातरायचे ना? मीपण याच्या टायरवर सुरीनं खाचा पाडू का?"

प्रश्न सोपा होता. पण लगेच "पाड" म्हणवेना, आणि "नको" म्हटलं तर कारण द्यावं लागणार होतं.

आमचा मानोरा तालुका आज वाशीम जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यातले. कापूस, तूर, सोयाबीनचा मुलूख. काळी जमीन उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत हात जातो. मृगाचे दोन चांगले पाऊस पडले की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि चपलेला, खुराला, चाकाला सोडता सोडत नाही. गावातून वावरात जाणारी आमची वाट म्हणजे पांदण. दोन्हीकडं उंच धुरे, मधे खोलगट रस्ता. पावसाळ्यात त्याचा नालाच होतो. ट्रॅक्टर वावरात फसत नाही इतका पांदणीत फसतो.

आता टायरचं बघा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर रबराचे जाड, तिरपे कंगोरे असतात. मागं उभं राहून पाहिलं तर वर टोक केलेल्या बाणासारखे दिसतात. चाक फिरताना ते टोक आधी जमिनीला लागतं आणि मधला चिखल दोन्ही अंगांनी बाहेर ढकलला जातो. म्हणजे कंगोरा नुसता जमीन पकडत नाही, तो स्वतःला साफही करत असतो. डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर पळवला की कंगोऱ्यांच्या कडा गोल होतात, उंची झिजते. मग गारा दोन कंगोऱ्यांच्या मधे ठासून बसतो, टायरचा मातीचा गोळा होतो आणि चाक जागच्या जागी फिरत आपल्यासाठीच खड्डा खणतं.

हे हवेचं टायर ट्रॅक्टरला तसं उशिराच मिळालं. डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं हवेचं टायर केलं ते १८८८ साली, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. ट्रॅक्टर मात्र त्यानंतरही बरीच वर्षं लोखंडी दात्यांच्या चाकांवर चालले आणि रस्ते उकरत राहिले. अमेरिकेतल्या ॲलिस-चाल्मर्स कंपनीनं १९३२ साली ट्रॅक्टरला हवेचे टायर लावले आणि तिथून चित्र पालटलं.

अब्बांकडं शेतकरी यायचे ते झिजलेल्या टायरच्या कडा धारदार करून घ्यायला. हत्यारं थोडीच: चांभाराची असते तशी रापी, साबणाचं पाणी, खडू आणि सुतळी. पुढं विजेवर तापणारं वाकड्या पात्याचं हत्यार आलं. ते लोण्यासारखं चालतं, पण अब्बांचा त्याच्यावर फारसा जीव नव्हता. म्हणायचे, गरम पातं कुठवर गेलं ते हाताला कळत नाही. रापी अडते, तेव्हा कळतं. खडूनं आखायचं, पात्याला साबणाचं पाणी लावायचं, कंगोऱ्याची पुढची कड उभी सोलायची, बाहेरचं टोक जरा मोकळं करायचं म्हणजे गाऱ्याला निघायला वाट होते. एका टायरला दुपार जायची. दोन कंगोऱ्यांच्या मधल्या तळाला ते कधीच हात लावत नसत. तिथं रबर पातळ असतं, त्याच्याखाली लगेच नायलॉनचे धागे. टायर हवेचं आणि गाडीचं ओझं पेलतं ते या धाग्यांच्या जोरावर. रबर त्यांचं पांघरूण आहे.

माप होतं आगपेटीच्या काडीचं. काडी कंगोऱ्याशेजारी उभी धरायची. मागच्या टायरला निम्मी काडी झाकली गेली तर कापायचं, नाहीतर माघारी. पुढच्या टायरला उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्या खाचेत निदान काडीचा गुल तरी बुडाला पाहिजे.

कापून झालं की ते आणखी एक करायला लावत. चाकाला खडूची खूण करून रिकामा ट्रॅक्टर दहा फेरे चालवायचा आणि पावलांनी अंतर मोजायचं. मग वखर लावून पुन्हा दहा फेरे. रिकामं अंतर शंभर पावलं आणि कामातलं पंच्याऐंशी भरलं, तर चाक शंभरात पंधरा घसरतंय. तेवढं चालतं. मऊ मातीत थोडं घसरल्याशिवाय चाक ओढतच नाही. त्याहून जास्त घसरत असेल, तर अब्बा रापी बाजूला ठेवून आधी मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवत. पुष्कळांचं काम तेवढ्यानंच भागायचं आणि आमची मजुरी बुडायची.

आता जे सांगायचं आहे त्याकडं येतो.

१९८९ चा पावसाळा. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शुक्रवारी सकाळी एक शेतकरी ट्रॅक्टरचे पुढचे दोन्ही टायर घेऊन आले. पुढचं टायर गुळगुळीत झालं की चिखलात स्टिअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. अब्बांनी खाचेत काडी धरली. गुल सगळा वर.

"पाटील, इथं रबर नाही राह्यलं. आता कापलं तं धागे निघतीन."

"चाचा, नवं घ्याले पैसा कुठून आनू? कामं खोळंबली हायेत."

"दोन दिवस थांबा. मंगरूळहून जुनं पण बरं टायर पाहून देतो."

दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले. पाटील तिथंच बसून होते. मला म्हणाले, "तू तं कालेजात शिकतं बाबू. तुले नाही जमत का?"

मला जमलं. दोन्ही टायरवर सरळ, खोल खाचा पाडल्या. अब्बांपेक्षा सरळ, असंही मनात आलं. एका ठिकाणी नखाएवढं पांढुरकं दिसलं. तो धागा होता. मला ते कळलं होतं, हे आज लपवायचं नाही. मी त्यावर बुटाचं काळं पॉलिश चोळलं. वीस रुपये मिळाले, त्यातून कवितांसाठी वही आणली.

उघड्या पडलेल्या धाग्यांत पाणी शिरतं, बारीक खडे शिरतात, आणि आतले थर एकमेकांपासून सुटत जातात. बाराव्या दिवशी निंदणाच्या बायांना घेऊन ट्रॉली परत येत होती. रपट्याच्या उतारावर ते टायर फुटलं, ट्रॅक्टर एका बाजूला ओढला गेला आणि ट्रॉली आडवी झाली. जिवानिशी कुणी गेलं नाही. बहुतेकींना मुका मार लागला. तांड्यावरच्या एका बाईचा हात कोपरात मोडला. तो पुढं कधी सरळ झाला नाही.

फुटलेलं टायर दुकानात आलं. अब्बांनी ते फिरवत फिरवत पाहिलं, एका जागी बोट घासलं. बोट काळं झालं. मला एक शब्द बोलले नाहीत. माझ्या हातात रापी देऊन ते टायर आडवं कापायला लावलं आणि वरचं रबर किती, धाग्यांचे थर किती, सगळं बोटांनी मोजायला लावलं.

पुढं प्रत्येक बाजाराच्या दिवशी त्या बाईच्या घरी ज्वारी आणि थोडे पैसे जात. पहिल्यांदा अब्बांनी मला एकट्याला पाठवलं. हात गळ्यात बांधलेला होता. ती म्हणाली, "पाटलानं तं सांगलं, चाचानं कापलं टायर." मी म्हणालो, "मी कापलं." तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि ज्वारी आत ठेवायला सांगितली.

घरी येऊन मी अब्बांना म्हणालो, लोक तुमचं नाव घेतात. ते म्हणाले, "दुकान माझं आहे." वर्षभर गिऱ्हाईक कमी होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. अब्बा २००६ साली गेले. पण चाचानं कापलेल्या टायरनं ट्रॉली उलटली, असं सांगणारे जुने लोक गावात अजून आहेत. हे भाषण मानोऱ्यात कुणी ऐकत असेल, तर त्यांच्यासाठी सांगतो: ते टायर अब्बांनी माघारी दिलं होतं. कापलं मी.

नंतर मी ते काम नीट शिकलो. अमेरिकेत ट्रॅक्टरनं वजन ओढायच्या शर्यती होतात आणि त्यासाठी टायरचे कंगोरे हातानं कापून देणारे कसबी लोक तिथं आहेत, हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. आपल्याकडं आता चारही चाकांना ओढ देणारे ट्रॅक्टर आले, चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. तरी पांदण आहे तोवर कातरायला टायर येणारच.

भाच्याला मी म्हणालो, खाचेत काडी धर आणि फोटो पाठव. फोटो आला. हिरवळीला जखम होऊ नये म्हणून त्या टायरांवरची नक्षी मुळातच उथळ ठेवलेली असते आणि अंगही पातळ असतं. गुल अर्धासुद्धा बुडाला नव्हता. मी फोन केला. म्हणालो, सुरी ठेवून दे. मागं वजन बांध आणि चाकांवर घालायच्या साखळ्या मिळतात, त्या आण. ओलं असेल त्या दिवशी उतारावर चढूच नको.

"नानांनी काय केलं असतं?" त्यानं विचारलं.

"दोन दिवस थांबायला सांगितलं असतं," मी म्हणालो.