पिकअपमध्ये सबवूफर लावताय? आधी फ्यूज!

मी नारायणगावहून वाशी मार्केटला रात्री टोमॅटोची पिकअप नेतो. झोप येऊ नये म्हणून सीटमागे 8 इंची सबवूफर बसवला. पैसे वाचवायला ॲम्पची वायर बॅटरीवरून फ्यूजशिवायच ओढली. माळशेज घाटात जळका वास! पत्र्याला घासून वायर सोलली होती, थेट शॉर्ट. क्लीनरने पान्याने टर्मिनल काढलं, म्हणून वाचलो.

आता बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट आणि अर्थिंग रंग खरवडून बॉडीला. लो-पास 80 हर्ट्झवर ठेवलाय. कमी आवाजातही बेस छातीत लागतो, मागचा हॉर्नही ऐकू येतो.

आणि झोप आली तर? गाडी बाजूला घेऊन सरळ झोपतो. बेस हा झोपेवरचा इलाज नाही, भावांनो.