कागदाची आयात : किंमत पाहावी की वजन?



कागदाशी आपला संबंध रोजचा आहे. पाकिटे, नोंदवह्या, पार्सलची खोकी टपालातील साथींच्या हातून जातात. भुसावळ विभागातील साथींना नेपानगर स्टेशन परिचयाचे आहे. तेथील गिरणीत १९५० च्या दशकात वृत्तपत्री कागद निघू लागला. म्हणून कागद गिरण्यांतील कामगारांचा प्रश्न आपण परका मानत नाही.

एखादी गिरणी संकटात आली की दोष आयातीला दिला जातो. भारत आणि चीन यांच्या आयातीचे डॉलरमधील आकडे शेजारी ठेवून कोणी निष्कर्ष काढू लागला, तर आपण आधी चार गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, किंमत म्हणजे वजन नव्हे. समजा, एका वर्षी ६०० डॉलर दराने १,००० टन कागद आला आणि पुढच्या वर्षी ८०० डॉलर दराने ९०० टन. माल दहा टक्क्यांनी घटला, पण किंमत वीस टक्क्यांनी वाढली! शिवाय आयातीच्या किमतीत बोटीचे भाडे आणि विमाही धरलेला असतो. २०२१ साली कंटेनरचे भाडे भडकले, त्याचा भारही या आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट, चलन. २०१३ च्या आरंभी डॉलर सुमारे ५४ रुपयांना होता, २०२३ च्या आरंभी सुमारे ८२ रुपयांना. एक रीमही जास्त न येता रुपयातील आकडा दीडपट फुगतो.

तिसरी गोष्ट, वर्ष. आपले हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च, तर चीनचे जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही एका मापाने मोजल्याशिवाय तुलना होत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जकातीच्या वर्गवारीत कागद आणि पुठ्ठा ४८ व्या प्रकरणात येतात. लगदा व रद्दी ४७ व्या प्रकरणात. चीन २०१६ साली अडीच कोटी टनांहून अधिक रद्दी बाहेरून घेत होता. २०१७ साली त्याने मिश्र रद्दीवर बंदी जाहीर केली आणि २०२१ पासून रद्दीची आयात जवळजवळ थांबवली. मग तेथील उद्योग बाहेरचा लगदा आणि तयार पुठ्ठा अधिक घेऊ लागला. नाकारलेली रद्दी भारताकडे व आग्नेय आशियाकडे वळली. केवळ ४८ वे प्रकरण वाचणाऱ्याला यातले अर्धेच दिसेल.

आपल्याकडील कारण वेगळे आहे. आसियान देशांशी झालेला मालव्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्या देशांच्या कागदावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. ही वाढ सरकारी निर्णयातून आली आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून कागदाच्या आयातीची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली; पण नोंदणीने माल मोजला जातो, अडवला जात नाही.

तेव्हा साथींनो, वाटाघाटीच्या टेबलावर कोणी डॉलरचा आकडा फेकला, तर आपण विचारू : किती टन? कोणत्या प्रकरणातील? कोणत्या देशातून? आणि कोणत्या करारानुसार? चुकीच्या आकड्यावर उभी राहिलेली मागणी पहिल्याच बैठकीत कोसळते, आणि त्याची किंमत गिरणीतला कामगार आपल्या नोकरीने मोजतो.