राहिलेला भाग

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्याबद्दल बोलून तुम्हाला पिडत नाही. एकच शब्द म्हणते. यक्कू!

बघा, मागच्या रांगेतून लगेच चार यक्कू परत आले.

रविवार, सकाळचे नऊ, दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’. आपल्या गावात टीव्ही मोजके. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायची. कुणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आपण ओरडायचो, “आलं, आलं... गेलं!” अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह, त्याच्या त्या भुवया. पंकज धीर यांचा शिवदत्त. इरफान खान पुढे केवढा मोठा नट झाला, पण आपण त्याला आधी पाहिलं ते इथंच.

सोमवारी मधल्या सुट्टीत तोच भाग पुन्हा व्हायचा. तो करायची तिसऱ्या बाकावरची आपली मैत्रीण. सगळ्यांचे आवाज ती एकटी काढायची. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता, त्यांनी अख्खी मालिका तिच्याच तोंडून पाहिली.

१९९४ ला सुरू झालेली ही मालिका आपण दहावी झालो त्याच साली दूरदर्शनने बंद केली. दिग्दर्शिका नीरजा गुलेरी यांचा वाद कोर्टात गेला. गोष्ट भरकटली होती, मूळ कादंबरीत नसलेलं कायकाय त्यात शिरलं होतं, हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की शेवट न दाखवताच बंद केली. आपण चिडलो. वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकानं आपापला शेवट लिहिला. माझ्या शेवटात चंद्रकांता स्वतःच तिलिस्म फोडते.

पुढं कॉलेजात देवकीनंदन खत्रींची १८८८ ची ती कादंबरी मिळाली. हिंदी अडखळत वाचली, पण चारही भाग संपवले. शेवट होता. शंभर वर्षांपूर्वीच छापलेला होता. आपल्याला ठाऊक नव्हता, एवढंच.

या मेळाव्यासाठी सगळ्यांचे नंबर शोधताना तिचाही मिळाला. फोन केला, तर ओळख पटल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, “चंद्रकांताचं लग्न झालं का गं शेवटी?”

म्हटलं, “अगं, मालिका बंदच पडली. पुस्तकात होतं.”

ती म्हणाली, “बंद पडली? मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी बघितली. आमच्या सासरी टीव्ही नव्हता.”

मित्रांनो, नववीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गणितात ती माझ्या पुढे होती. बाई दोनदा तिच्या घरी गेल्या, वडिलांना समजावलं. आपण काय केलं? मांडवात पंगतीला बसलो, बुंदी खाल्ली आणि परत आलो. पत्र लिहीन असं मी तिला म्हटलं होतं. एकही लिहिलं नाही. एक मालिका बंद पडली म्हणून आपण महिनाभर चिडलो होतो. ती वर्गातून गेली, त्याची चिडचिड मला आठवत नाही.

माझ्या कामात अर्ध्यावर बंद पडलेले प्रकल्प खूप असतात. फाइल शाबूत असते, ती कुणी उघडत नाही, म्हणून आपण तो संपला असं धरतो. तिच्या बाबतीत मी तेच केलं होतं. तिनं मात्र धाकट्या मुलाच्या बरोबरीनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दहावी पास झाली. गणितात मुलापेक्षा नऊ मार्क जास्त! हे तिनं फोनवर जाता जाता सांगितलं.

ती आज आली आहे, दुसऱ्या रांगेत बसली आहे. मी नाव घेतलं तर रागावेल.

दहावीच्या आपल्या फोटोत ती नाही. आज जेवणानंतर नवा फोटो काढायचा आहे. तेव्हा तिला मधे बसवू या, बाईंच्या शेजारी. आणि फोटो झाला की तिच्याकडून एक भाग ऐकू. सगळ्यांच्या आवाजात.