पक्षाघात : घाला अचानक, वाटचाल जुनी

(एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आरोग्यविषयक व्याख्यानात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘काल रात्रीपर्यंत माणूस ठणठणीत होता, सकाळी उठला तो तोंड वाकडे आणि उजवा हात निर्जीव!’ पक्षाघाताच्या रुग्णाला घेऊन येणारे आप्त बहुधा याच शब्दांत सुरुवात करतात. घाला अचानक पडतो हे खरे. परंतु त्याची पूर्वतयारी शरीरात वर्षानुवर्षे चाललेली असते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली वा रक्तवाहिनी फुटली, की पक्षाघात होतो. त्याची कारणे शोधण्यासाठी ‘इंटरस्ट्रोक’ हा अभ्यास झाला. भारतासह ३२ देशांतील सुमारे साडेतेरा हजार रुग्णांची, पक्षाघात न झालेल्या जवळपास तितक्याच व्यक्तींशी त्यात तुलना करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांशी निगडित आहे : उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, सदोष आहार, व्यायामाचा अभाव, अतिरिक्त मद्यपान, मानसिक ताण आणि हृदयविकार. ही सारी कारणे टाळता वा आटोक्यात ठेवता येण्याजोगी आहेत. त्यांत अग्रस्थान उच्च रक्तदाबाचे. जवळपास निम्मा वाटा त्याचाच.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. माझे वडील शिक्षक. पहाटे उठणे, फिरणे, साधा आहार, कसलेही व्यसन नाही. रक्तदाबाची गोळी मात्र ‘डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग औषध कशाला?’ असे म्हणून त्यांनी परस्पर थांबवली. दिवसभर परक्यांचा रक्तदाब मोजणाऱ्या मला घरी तो मोजण्यास सवड झाली नाही. एका दुपारी त्यांच्या हातातून पेला निसटला. ‘जरा पडतो’ म्हणाले. ते रुग्णालयात पोहोचले तेव्हा सहा तास उलटले होते. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ज्या वाणीने त्यांनी पस्तीस वर्षे मुले घडवली, ती पुन्हा परतली नाही.

म्हणून सांगतो, रक्तदाब मुका असतो. त्रास होत नाही म्हणजे रोग नाही, असे समजू नका. तिशीनंतर तो नियमित मोजून घ्या. दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणची, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच मोजावे. नाडी अनियमित लागत असेल तर हृदयाचा आलेख काढावा. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयात गुठळ्या होतात आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो.

चेहरा एका बाजूस ओघळणे, एक हात न उचलणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी घड्याळ पाहा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. घरगुती उपाय, मालिश यांत वेळ दवडू नका. अ‍ॅस्पिरिनही स्वतःहून देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते.

समाजासाठी धावणाऱ्या आपल्यासारख्यांची घराकडे पाहण्याची सवड हरवते. आज घरी गेल्यावर एवढेच करा : आई-वडिलांची गोळ्यांची डबी उघडून पाहा. ती वेळेवर रिकामी होत आहे ना, हे विचारा. मी ते विचारले नव्हते.